तिसऱ्या वर्गाची वाट : जोडप्यांच्या स्वस्त रेल्वेप्रवासाचा पूर्वेतिहास

मोजक्या पैशांत, पाठीवर दोन पिशव्या घेऊन, साधारण डब्यातून पुणे, सातारा, मिरज पाहत निघालेले आणि गोव्यावरून कोकणच्या किनाऱ्याने परतणारे नवराबायको हे आज महाराष्ट्रातील परिचित दृश्य असले, तरी या प्रवासाला लागणाऱ्या तीन गोष्टी, म्हणजे सामान्य माणसाला परवडणारे भाडे, स्त्री-पुरुषांना एकत्र बसता येईल असा माणुसकीचा डबा आणि समुद्रकाठच्या गावांच्या जवळपास पोहोचणारा लोहमार्ग, एकाच वेळी जुळून आलेल्या नाहीत. त्या जुळायला जवळजवळ दीड शतक लागले, आणि त्या काळाचा इतिहास मुख्यतः तिसऱ्या वर्गाचा इतिहास आहे.

१८४५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानातील रेल्वेचा विचार केला तेव्हा त्यांचा होरा असा होता, की येथील रेल्वेचे उत्पन्न माणसांपेक्षा मालवाहतुकीतूनच येईल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे २१ मैलांच्या मार्गावर चौदा डब्यांची पहिली गाडी धावली, आणि त्यानंतरच्या काळात हा होरा अपुरा ठरला. तिसऱ्या वर्गाचे भाडे मैलाला तीन पै, म्हणजे आण्याचा चौथा हिस्सा होते; त्या हिशेबाने ठाण्याचे तिकीट पाच आणे तीन पै पडत असे, आणि या दराला गर्दी लोटली. पुढे देशभर शंभरांतील नव्वदांहून अधिक उतारू सर्वांत खालच्या वर्गाचे असत. वरच्या वर्गांचे डबे अनेकदा अर्धे रिकामे धावत असताना प्रवासी वाहतुकीचे उत्पन्न प्रामुख्याने या लोकांच्या पैशावर उभे होते, हे त्यांना मिळालेल्या वागणुकीकडे पाहताना विसरता येत नाही.

लोहमार्ग प्रथम शहरांकडे वळला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला, परंतु मधला बोरघाट १८६३ पर्यंत अपुरा असल्यामुळे उतारूंना गाडीतून उतरून पालखीने किंवा अन्य वाहनाने घाट ओलांडावा लागे. पुढे सोलापूर, नाशिक, मिरज ही गावे जोडली गेली, १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाचा मिरज-कोल्हापूर मार्ग झाला आणि १९०० मध्ये औरंगाबाद मनमाडला जोडले गेले. या मार्गांवरचे बहुसंख्य उतारू आजच्या अर्थाने पर्यटक नव्हते. लग्नानंतर जोडीने कुलदैवताला जाणे, वारी करणे, काशीयात्रा करणे ही सामान्य नवराबायकोला एकत्र दूर जाण्याची मान्यताप्राप्त निमित्ते होती, आणि रेल्वेने त्या निमित्तांना वेग दिला. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी, हे त्याचे ठळक उदाहरण होय. यात्रेच्या गर्दीत मालडब्यांतून माणसे नेण्याची रीत मात्र अनेक रेल्वे कंपन्यांनी दीर्घकाळ चालवली.

जोडीने निघालेले नवराबायको गाडीतही जोडीने बसतच असे नाही. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गातील किमान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक केले, आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणार असेल तर त्या कप्प्याला शौचकूप असले पाहिजे अशी तरतूद केली. खालच्या वर्गातील इतर उतारूंना ही सोय सर्रास मिळत नसलेल्या काळात ती मोलाची होती. तथापि तिचा एक परिणाम असा झाला, की अनेक कुटुंबांत पत्नी बायकांच्या डब्यात आणि पती पुरुषांच्या गर्दीत असा प्रवास घडे, आणि वाटेतली शहरे दोघांनी मिळून पाहण्याऐवजी दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहिली जात.

या वर्गाची दैना सर्वांत नेमकेपणाने मांडली ती महात्मा गांधींनी. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी मुंबईहून मद्रासला तेरा रुपये नऊ आण्यांच्या तिकिटावर मेल गाडीने प्रवास केला, आणि त्याच महिन्यात लिहिलेल्या जाहीर पत्रात डब्याची बावीस जणांची क्षमता, पुण्यापर्यंतची स्थिती, रायचूरनंतर असह्य झालेली गर्दी, न झाडलेली जमीन आणि अस्वच्छ शौचकूप यांची नोंद केली. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडे अधिक असेल, तर तिसऱ्या वर्गाला निदान त्या प्रमाणात तरी सोय का मिळू नये, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी दया मागितली नाही. दिलेल्या पैशाचा हिशेब मागितला, आणि म्हणूनच तो युक्तिवाद आजही शिळा झालेला नाही. तरीही १९३० मध्ये मुंबई-पुणे मार्गावर दख्खनची राणी सुरू झाली तेव्हा तिला तिसरा वर्गच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर सुधारणा हळूहळू झाल्या. १९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नाव संपले आणि त्या डब्यांना दुसरा वर्ग म्हटले जाऊ लागले, पण लाकडी बाक तेच राहिले. तो बाक बदलण्याचे श्रेय १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या प्रा. मधु दंडवते यांना जाते. लांब पल्ल्याच्या गाड्यांतील दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसवण्याचा निर्णय त्यांचा. आणि डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस, म्हणजे वर्गभेद नसलेली गाडी, हीही त्यांच्याच कारकिर्दीतील. दोन इंचांची ती गादी दिसायला लहान गोष्ट असली, तरी स्वस्त तिकीट काढणाऱ्यालाही रात्री पाठ टेकायचा हक्क आहे, हे तिने सरकारी व्यवहारात प्रथमच ठळकपणे मान्य केले.

दंडवते ज्या राजापूर मतदारसंघाचे खासदार होते, त्या दक्षिण कोकणात मात्र तेव्हा रेल्वेच नव्हती. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीत, १८८० च्या दशकात, मुरगावपर्यंत रूळ आले होते. पण रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या माणसाला मुंबई गाठायची म्हणजे बराच काळ आगबोट, म्हणजे वाफेवर चालणारे जहाज, हाच मुख्य मार्ग होता. बोट खोल पाण्यात थांबे, पडावातून उतारू किनाऱ्याला येत, आणि पावसाळ्यात ही दूरची वाहतूक बंद राही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा या परावलंबनाची किंमत साऱ्या महाराष्ट्राला कळली. बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत सातत्याने मांडलेली कोकण रेल्वेची मागणी त्यांच्यानंतर दंडवते यांनी पुढे नेली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, ९१ बोगदे आणि सुमारे दोन हजार पूल बांधून, जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण झाला.

या मार्गाने एक वर्तुळ पुरे केले. मुंबईहून पुणे, जेजुरी, सातारा, मिरज, बेळगाव, लोंढा, मडगाव आणि तेथून कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण असा फेरा मारून त्याच स्थानकावर परत येता येऊ लागले. जेथून निघायचे तेथेच परतणाऱ्या अशा प्रवासासाठी रेल्वेत चक्राकार प्रवासाचे तिकीट मिळते. त्यावर वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते, आणि अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा भाव कमी होत जात असल्यामुळे तुकड्यातुकड्याने काढलेल्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडते. डोंगराच्या पायथ्याने जाणाऱ्या या मार्गावरची स्थानके किनाऱ्यापासून दूर असल्याने गणपतीपुळे, गुहागर, मालवण या गावांकडचा शेवटचा टप्पा मात्र आजही बहुधा एस.टी.नेच गाठावा लागतो.

म्हणून स्वस्त रेल्वेप्रवास ही कोणी केलेली मेहेरबानी मानणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्यांच्या तीन-तीन पैंवर रेल्वे पोसली गेली, त्यांनी आणि त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांनी तो मिळवलेला आहे. साधारण आणि शयनयान डब्यांची संख्या, त्यांची स्वच्छता आणि त्यांचे भाडे यांवर लक्ष ठेवणे, हे त्या हक्काचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे कर्तव्य आहे.