पुरावा नाकारणारा धर्मगुरू

दि. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे एक विस्तृत भाषण केले. विश्व प्रसरण पावत आहे आणि कालाच्या ओघात मागे मागे गेल्यास त्याचा आरंभ सापडतो, असे खगोलशास्त्र त्या काळी सांगू लागले होते. देवाने प्रकाशाला अस्तित्वात बोलावले त्या आद्य क्षणाची जणू साक्षच आधुनिक विज्ञान देत आहे, असा त्या भाषणाचा सूर होता. हा निर्णायक पुरावा नव्हे, अशी सावध पुस्तीही पोपमहोदयांनी जोडली होती. जगाच्या लक्षात राहिला तो मात्र भाषणातला आत्मविश्वास.

या भाषणाने सर्वाधिक हर्ष व्हायला हवा होता तो अकादमीच्याच एका सदस्याला. ज्या सिद्धांताच्या आधारावर हे सारे बोलले जात होते, त्याचे जनक ते स्वतःच होते. शिवाय ते कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांचे नाव फादर जॉर्ज लमेत्र. त्यांना हर्ष झाला नाही. ते अस्वस्थ झाले.

लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ येथे झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी तोफखान्यात सैनिक म्हणून सेवा केली. युद्धानंतर गणितात डॉक्टरेट मिळवून ते सेमिनरीत दाखल झाले आणि २२ सप्टेंबर १९२३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे केंब्रिजला एडिंग्टन यांच्या हाताखाली आणि नंतर अमेरिकेत अभ्यास करून ते लुव्हेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९२७ साली त्यांनी एका बेल्जियन नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात विश्व प्रसरण पावत असल्याचे गणिताने मांडले. त्याच वर्षी ब्रसेल्स येथे भेटलेल्या आइन्स्टाइन यांनी, गणित बिनचूक असले तरी त्यामागची भौतिकी दृष्टी आपणास मुळीच पटत नाही, असे त्यांना तोंडावर सांगितले. १९३१ साली ‘नेचर’ या साप्ताहिकातील एका छोट्या पत्रात लमेत्र यांनी विश्वाच्या आरंभाची कल्पना मांडली. तीच पुढे ‘आदिअणू’ची आणि लोकांच्या तोंडी ‘महास्फोटा’ची कल्पना म्हणून ओळखली गेली.

आता मागे वळून १९२१ सालाकडे पाहू. सेमिनरीत असताना तरुण लमेत्र यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील देवाच्या पहिल्या उद्गारांवर एक टिपण लिहिले होते. त्या पवित्र शब्दांचा मेळ त्या काळच्या भौतिकशास्त्राशी घालण्याचा तो प्रयत्न होता. हा मोह कोणाही भाविक विद्यार्थ्याला व्हावा असाच आहे. परंतु पुढे त्यांनी ही वाट जाणीवपूर्वक सोडली. बायबल आपणास तारणाचा मार्ग शिकवते, ते विज्ञानाचे पाठ्यपुस्तक नाही, ही त्यांची धारणा झाली. सत्याकडे जाणारे दोन मार्ग आहेत आणि आपण दोन्ही मार्गांनी चालायचे ठरवले, असे ते सांगत. एका मार्गाने चालताना दुसऱ्या मार्गावरचा टप्पा गाठल्याचा दावा त्यांनी केला नाही.

‘नेचर’मधील त्या पत्राचा टंकलिखित मसुदा उपलब्ध आहे. त्याच्या शेवटी काही ओळी आहेत. सर्व अस्तित्वाला आधार देणाऱ्या परमेश्वरावर ज्यांची श्रद्धा आहे, ते देव स्वभावतःच दृष्टीआड आहे असेही मानतात. आणि आजचे भौतिकशास्त्र निर्मितीवर जणू एक पडदा ओढते हे पाहून त्यांना समाधानच वाटेल, असा त्या ओळींचा आशय. या ओळींत देवाचा पुरावा नाही, उलट देवाच्या गूढतेपुढे घातलेला दंडवत आहे. तरीही लमेत्र यांनी त्यांवर रेघ मारली. विज्ञानाच्या पानावर तेवढीही जागा त्यांनी आपल्या श्रद्धेसाठी मागितली नाही.

म्हणूनच १९५१ च्या भाषणाने त्यांना काळजी वाटली. १९४८ साली फ्रेड हॉईल, बाँडी आणि गोल्ड या शास्त्रज्ञांनी आरंभ नसलेल्या ‘स्थिर स्थिती’च्या विश्वाचा सिद्धांत पुढे आणला होता. लमेत्र यांचा सिद्धांत म्हणजे विज्ञानाच्या वेषातला धर्म, असा संशय अनेकांच्या मनात होताच. पोपमहोदयांच्या शब्दांनी तो संशय बळावला असता. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, वैज्ञानिक सिद्धांत हा नव्या निरीक्षणाने कोसळू शकतो. त्याच्या खांबाला श्रद्धा बांधली, तर खांबाबरोबर तीही खाली यायची. दुसऱ्या वर्षी दक्षिण आफ्रिकेला जाताना लमेत्र रोमला थांबले आणि व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर डॅनियल ओ’कॉनेल यांच्याशी त्यांनी याविषयी बोलणे केले. सप्टेंबर १९५२ मध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले, तेव्हा पोपमहोदयांनी त्यांच्यापुढे पुन्हा भाषण केले. त्यात तो जुना दावा नव्हता.

खगोलशास्त्रज्ञांच्या त्याच अधिवेशनात वाल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे पूर्वी मानली त्याच्या सुमारे दुप्पट असल्याचे जाहीर केले, आणि त्यानुसार विश्वाचे अनुमानित वयही दुपटीने वाढले. आज ते सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. आकडे असे बदलत असतात. त्यांच्यावर विसंबून कोणी प्रार्थना करू लागला, तर दर पिढीला नवी प्रार्थना शोधावी लागेल.

आपल्या महाराष्ट्राचाही या इतिहासाशी संबंध आहे. डॉ. जयंत नारळीकर हे हॉईल यांचे शिष्य. २०२५ साली त्यांचे निधन झाले. महास्फोटाच्या सिद्धांताविषयीचे आक्षेप त्यांनी अनेक दशके हिरिरीने आणि सभ्यपणे मांडले. ‘देवाने जग निर्मिले याचा पुरावा म्हणजे महास्फोट’ असे आपण मुलांना शिकवले असते, तर या थोर मराठी शास्त्रज्ञाचे प्रत्येक व्याख्यान आपणास धर्मावरचा घाला वाटले असते. लमेत्र यांनी ख्रिस्तसभेला अशा अनावश्यक वैरातून वाचवले.

ही नम्रता म्हणजे श्रद्धेचा थंडपणा होता काय? मुळीच नाही. कार्डिनल मर्सिये यांनी स्थापन केलेल्या ‘येशूचे मित्र’ या धर्मगुरूंच्या बंधुसंघाचे ते आजीवन सदस्य होते आणि तेथील प्रार्थनेची व साधेपणाची शिस्त त्यांनी पाळली. १९६० साली ते व्हॅटिकन विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९५८ च्या ब्रसेल्स परिषदेतही त्यांनी आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर असल्याचे स्पष्ट केले. श्रद्धावंताला तो यशया संदेष्ट्याने वर्णिलेल्या दृष्टीआडच्या देवाची आठवण देतो, एवढेच ते म्हणाले. २० जून १९६६ रोजी ते देवाघरी गेले. त्याआधी थोडेच दिवस एका सहकाऱ्याने त्यांना, आदिकाळच्या प्रारणाचे अवशेष अमेरिकेत सापडल्याची वार्ता रुग्णशय्येवर सांगितली. सिद्धांताला मोठा आधार मिळाला होता. त्यांच्या श्रद्धेला त्याची गरज कधीच नव्हती.

आज आपल्या धर्मग्रामांतील मुले विज्ञान शिकून घरी येतात आणि जेवताना अवघड प्रश्न विचारतात. अशा वेळी आईवडिलांना वाटते, उत्तर ताबडतोब दिले नाही तर मूल चर्चपासून दुरावेल. मग आपण घाईने एखादा पुरावा पुढे करतो. चार वर्षांनी तो पुरावा मुलाच्याच अभ्यासात फोल ठरला, तर मूल पुराव्याबरोबर देवालाही सोडून देण्याचा संभव असतो. “हे मला ठाऊक नाही, आपण दोघे मिळून वाचू, आणि रात्रीची प्रार्थना मात्र नेहमीप्रमाणे करू,” असे सांगणारा बाप कमी श्रद्धावान ठरत नाही. ज्याच्या हाती सृष्टीच्या आरंभाचे गणित होते, त्या धर्मगुरूने त्याच रीतीने आयुष्य काढले.