परदेशी व्हिडिओ गेम आपल्या टीव्हीवर का रुसतो?

पुणे - महात्मा फुले मंडईत वाटाणा सासवडचा आहे का, हे विचारल्याशिवाय पिशवी पुढे न करणारा पुणेकर, तेथून चालत काही मिनिटांच्या अंतरावर बुधवार पेठेत व्हिडिओ गेम खरेदी करताना मात्र तो कोणत्या देशासाठी बनविला आहे, हे क्वचितच विचारतो. वास्तविक भाजीपेक्षा या वस्तूच्या बाबतीत 'गाव' अधिक महत्त्वाचे आहे. सासवडऐवजी दुसरीकडचा वाटाणा शिजतो तरी. अमेरिकेसाठी बनविलेले गेमचे यंत्र आपल्या घरात चालेलच, याची खात्री कित्येक वर्षे कोणालाच देता येत नव्हती.

मंडईच्या शेजारची तपकीर गल्ली ही या गुंतागुंतीची पुण्यातील साक्षीदार. नावात तपकीर असली तरी ही गल्ली ओळखली जाते ती वायरी, दिवे, रिमोट, ध्वनिवर्धक आणि दूरचित्रवाणीच्या सुट्या भागांसाठी. अमेरिकेतल्या भावाने वा आखातातल्या मामाने आणलेले यंत्र घरी बंद पडले, की पुणेकराची पावले आपसूक इकडे वळत. तक्रारी ठरलेल्या असत. पहिली, प्लग लावताच जळका वास आला आणि यंत्र मुके झाले. दुसरी, चित्र आले पण ते कृष्णधवल, किंवा खालून वर सरकत राहणारे. तिसरी, बाकी सारे ठीक, पण येथे विकत घेतलेली तबकडी यंत्र स्वीकारत नाही. तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच ग्राहकाचा गोंधळ उडतो.

पन्नास आणि साठ

यातील सर्वांत जुने कारण दूरचित्रवाणीच्या पद्धतीत आहे. विजेचा प्रवाह अमेरिकेत सेकंदाला 60 वेळा, तर युरोपात आणि भारतात 50 वेळा आवर्तने घेतो. दूरचित्रवाणी जन्माला आली तेव्हा पडद्यावरील चित्र विजेच्या आवर्तनांशी जुळवून घेणे सोयीचे होते. अन्यथा चित्रात आडवे पट्टे तरंगत. म्हणून अमेरिकेने 525 ओळींचे आणि सेकंदाला 60 अर्धचित्रांचे परिमाण घेतले, तर युरोपने 625 ओळींचे आणि 50 अर्धचित्रांचे. पुढे रंग आला. अमेरिकेने 1953 मध्ये 'एनटीएससी' ही रंगपद्धती स्वीकारली. तिच्यात प्रक्षेपणातील किरकोळ दोषानेही चेहऱ्याचा रंग पालटत असे. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीचे अभियंते वॉल्टर ब्रुख यांनी त्यावर तोड काढली. एकाआड एक ओळीत रंगाच्या संकेताची दिशा उलटवायची, म्हणजे दोष परस्परांना खोडून काढतात. हीच 'पाल' पद्धती. (भिंतीवरच्या पालीशी तिचा संबंध नाही, हे सांगण्याची वेळ दुकानदारांवर आलीच असेल!) पश्चिम जर्मनी आणि ब्रिटनमध्ये ती 1967 मध्ये सुरू झाली. फ्रान्सने त्याच वर्षी 'सेकाम' ही आपली तिसरीच चूल मांडली.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि 1973 पासून सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते कार्यक्रम पुणेकरांच्या घरी पोहोचले. 1982 मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी, रंग आला तो 'पाल' पद्धतीचा. 625 ओळी आणि 50 आवर्तने आपल्याकडे आधीपासूनच असल्याने ही निवड स्वाभाविक होती. मात्र व्हिडिओ गेमच्या उद्योगाची राजधानी जपान, आणि जपानची पद्धत अमेरिकेचीच. पुढची सारी गुंतागुंत या एका विसंगतीतून निर्माण झाली.

रंगाचा संकेत एनटीएससीत सुमारे 3.58 मेगाहर्ट्झवर, तर पालमध्ये 4.43 मेगाहर्ट्झवर वाहून नेला जातो. केवळ पाल जाणणाऱ्या संचाला जपानी यंत्र जोडले की त्याला रंग सापडतच नाही. म्हणून चित्र कृष्णधवल. सेकंदाला 60 हा वेग संचाला झेपला नाही, तर चित्र सरकत राहते. जुन्या संचामागील 'व्हर्टिकल होल्ड'ची कळ फिरवून ते थांबविण्याची धडपड अनेकांना आठवत असेल. पद्धत 'पाल'च असली तरी सुटका नव्हती. ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये ध्वनीचा संकेत चित्राच्या संकेतापासून 6 मेगाहर्ट्झवर असे, आपल्याकडे 5.5 वर. त्यामुळे तेथील यंत्र अँटेनाच्या वायरीने जोडल्यास चित्र रंगीत दिसे, आवाज मात्र गायब. पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची स्वतंत्र 'ऑडिओ-व्हिडिओ' जोडणी संचांवर सर्रास आली, तेव्हा निदान हा त्रास मिटला.

पुण्याचा मारिओ संथ

निन्टेन्डो कंपनीचे 'फॅमिकॉम' जपानमध्ये जुलै 1983 मध्ये बाजारात आले. ते भारतीय संचाला सरळ जोडणे अशक्यप्राय होते. त्याला केवळ अँटेनाची जोडणी होती आणि तिचा संकेत ज्या जपानी वाहिनीवर, म्हणजे 90 मेगाहर्ट्झच्या पुढे येत असे, ती जागा आपल्या संचांच्या वाहिन्यांतच नव्हती. निन्टेन्डोचे यंत्र भारतात 'सामुराई' या नावाने विकलेही गेले. परंतु मध्यमवर्गीय घरांत शिरले ते तैवान आणि चीनमधून आलेले त्याचे स्वस्त अवतार. त्यांच्या कॅसेटा (कार्ट्रिज हा शब्द आपल्याकडे फारसा रुळला नाही) जपानी घडणीच्या, म्हणजे 60 पिनांच्या होत्या. अमेरिका-युरोपातील यंत्रांच्या कॅसेटांना 72 पिना आणि जोडीला परक्या कॅसेटा रोखणारी कुलूप-चिप. जपानी यंत्रात असे कुलूपच नव्हते. 'नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ एकात' असे बिनदिक्कत छापलेली कॅसेट आपल्याकडे चालली, ती या उघड्या दारातून. (प्रत्यक्षात खेळ मोजके आणि त्यांचीच पुनरावृत्ती, हा अनुभव सार्वत्रिक आहे.)

तैवानच्या अभियंत्यांनी येथे एक चतुर तडजोड केली. त्यांनी 'पाल' संचांसाठी बनविलेल्या चिपमध्ये चित्र 50 आवर्तनांचे ठेवले. मात्र जपानी खेळातील आज्ञा आणि चित्र यांचा मेळ बिघडू नये अशा रीतीने प्रत्येक चित्रानंतरची विश्रांती लांबविली. खेळ बिनचूक चालू लागले, पण संथ. सेकंदाला 60 पावले टाकण्यासाठी रचलेला खेळ 50 पावले टाकू लागला.

'सुपर मारिओ ब्रदर्स' या 1985 च्या खेळात पहिल्या टप्प्याला घड्याळ 400 पासून उलटे मोजू लागते. मूळ जपानी आवृत्तीत त्याचा एक आकडा 24 चित्रांनंतर घटतो. जपानमध्ये 400 आकडे संपायला 160 सेकंद लागत. आपल्या 50 आवर्तनांच्या यंत्रावर तेच काम 192 सेकंदांत होई. मारिओही त्याच प्रमाणात मंद धावत असल्याने खेळणाऱ्याला फरक कळत नसे. उलट, विचार करायला थोडी उसंत मिळे. संगीतही त्याच ठेक्यात रेंगाळे. नव्वदच्या दशकात पुण्यात वाढलेल्या पिढीच्या कानात त्या खेळाची जी लय बसली आहे, ती मूळ रचनेहून सुमारे एक षष्ठांश संथ आहे. आज मूळ वेगातील चित्रफीत पाहून 'हा इतका घाईने का पळतो?' असा प्रश्न पडतो, तो उगीच नव्हे.

'काँट्रा'ची गोष्ट तर आणखी मजेशीर. युरोपातील 'पाल' ग्राहकांसाठी या खेळातील सैनिकांच्या जागी यंत्रमानव घालून तो 'प्रोबोटेक्टर' नावाने विकला गेला; मानवी हिंसाचाराबाबतच्या जर्मनीतील कडक नियमांमुळे. आपला टीव्ही युरोपचा, पण कॅसेट जपानी वळणाची. त्यामुळे यंत्रमानव आपल्याकडे पोहोचलेच नाहीत आणि पुण्यातील मुलांनी उघड्या अंगाच्या सैनिकांनिशीच शत्रूचा तळ उडविला.

सेगा कंपनीने 1995 मध्ये अधिकृत मार्ग पत्करला. 80 टक्के आयात शुल्काचा अडसर टाळण्यासाठी तिने शॉ वॉलेस या, मद्यासाठी अधिक प्रसिद्ध असलेल्या, कंपनीशी करार केला. 'मेगा ड्राइव्ह'ची किंमत होती 18 हजार रुपये. त्या काळच्या पगारांचा विचार करता ग्राहक स्वस्त अवताराकडे का वळला, हे वेगळे सांगायला नको.

तबकडीला लागलेले कुलूप

चित्राच्या पद्धतीतील फरक हा इतिहासाचा अपघात होता. तबकडीचे कुलूप मात्र जाणूनबुजून लावलेले. खेळ जपानमध्ये आधी, युरोपात नंतर आणि वेगळ्या किमतीला विकता यावा, हा त्यामागील हेतू. सोनीच्या पहिल्या 'प्लेस्टेशन'मध्ये तबकडीच्या सुरुवातीच्या भागात जपान, अमेरिका वा युरोपची चार अक्षरी खूण दडविलेली असे आणि ती जुळली नाही तर खेळ सुरू होत नसे. साध्या यंत्रावर काढलेल्या नकलेत ही खूण उतरत नाही, म्हणून तेच कुलूप चोरीलाही अटकाव करी. यंत्र उघडून एक छोटी चिप डकवायची, जी प्रत्येक वेळी योग्य खूण 'सांगते', ही त्यावरची दुरुस्ती जगभरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारांत होत असे. भावाने अमेरिकेतून आणलेली अस्सल तबकडी चालवू पाहणारा आणि रस्त्यावरची नक्कल चालवू पाहणारा, दोघांनाही हीच चिप लागे. कायद्याने 2012 मध्ये यात लक्ष घातले. स्वामित्व हक्क कायद्यात नव्याने आलेल्या कलम 65 अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण तोडणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

'एक्सबॉक्स 360' 25 सप्टेंबर 2006 रोजी भारतात दाखल झाले. साध्या आवृत्तीची किंमत 19,990 रुपये, मोठीची 23,990. त्यात कुलूप लावायचे की नाही, हे प्रत्येक खेळाचा प्रकाशक ठरवी. साहजिकच एक परदेशी तबकडी चाले आणि दुसरी अडे. एप्रिल 2007 मध्ये 39,990 रुपयांना आलेल्या 'प्लेस्टेशन 3'ने खेळांचे कुलूप जवळजवळ काढून टाकले. एचडीएमआय जोडणीमुळे 50 आणि 60 हा भेदही मावळला, कारण नवे संच दोन्ही वेग घेतात. तरीही 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' आरंभी 21 देशांतच चालेल असे जाहीर केले. त्या यादीत भारत नव्हता! ग्राहकांच्या संतापानंतर 19 जून रोजी कंपनीने माघार घेतली. निन्टेन्डोच्या '3डीएस' आणि 'वी यू' या यंत्रांना कुलूप होते. 2017 च्या 'स्विच'ला नाही.

आता अडते ते खात्यावर

मग आज प्रश्न संपला का? तबकडीपुरता बव्हंशी संपला. 2 फेब्रुवारी 2021 रोजी भारतात आलेल्या 'प्लेस्टेशन 5'वर अमेरिकी खेळाची तबकडी चालते. मात्र त्या खेळासाठी नंतर विकत घ्यायची जोड-सामग्री तबकडीच्या विभागाशी जुळणाऱ्या खात्यावरूनच घ्यावी लागते. अमेरिकी तबकडी आणि भारतीय खाते ही जोडी येथे फसते आणि पैसे गेल्यावरच ते ध्यानात येते. भेटकार्डाचेही तेच, डॉलरचे कार्ड भारतीय खात्यात जमा होत नाही. सोनीचे खाते उघडताना निवडलेला देश नंतर बदलून मिळत नाही, म्हणून परतण्याच्या बेतात असलेल्या परदेशस्थांनी मुलांसाठी खाते उघडताना विचार करावा. मायक्रोसॉफ्ट तीन महिन्यांतून एकदा देश बदलू देते.

जपानहून परतणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. 2025 च्या 'स्विच 2'ची जपानमधील स्वस्त आवृत्ती केवळ जपानी भाषेत चालते आणि जपानमध्ये नोंदविलेलेच खाते स्वीकारते. 2025 मध्ये ती आली तेव्हा तिची किंमत 49,980 येन होती, तर अनेक भाषांच्या आवृत्तीची 69,980 येन. बचत पाहून खोके उचलण्यापूर्वी त्यावरील मजकूर वाचून घ्यावा.

चित्रपटांच्या तबकड्यांवरील कुलूप अजूनही शाबूत आहे. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या. ब्लू-रेसाठी भारत 'सी', तर अमेरिका आणि जपान 'ए'. त्यामुळे एकाच यंत्रावर अमेरिकी खेळ सुरू होतो, अमेरिकी चित्रपट होत नाही, हे कोडे नसून नियम आहे.

वीज तेवढी कोणाची गय करीत नाही. यंत्राच्या तळाशी किंवा विजेच्या ठोकळ्यावर '100-240 व्होल्ट' लिहिले असेल तर केवळ प्लगची पिन बदलावी लागते. नुसते '120 व्होल्ट' वा जपानी '100 व्होल्ट' असेल, तर आपल्या 230 व्होल्टला थेट लावू नये. त्यासाठी व्होल्टेज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची क्षमता यंत्राच्या वॅटपेक्षा जास्त असावी. जुनी अमेरिकी 'प्लेस्टेशन 2' आणि 'एक्सबॉक्स 360' माळ्यावरून काढणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावे.

माळ्यावरील कॅसेटवाले यंत्र पुन्हा लावायचे असेल, तर तीन पिनांचे एचडीएमआय करणारा छोटा डबा विकत मिळतो. काही डब्यांवर पाल आणि एनटीएससी अशी कळ असते, पण ती बहुधा बाहेर पडणाऱ्या चित्राची असते. आत येणारे चित्र डबा स्वतः ओळखतो. 50 आवर्तनांचे चित्र 60 मध्ये ढकलले की मारिओ थोडा अडखळत चालतो, तेव्हा डब्यावर कळ असेल आणि टीव्ही घेत असेल तर ती 50 वरच ठेवावी. सोबतची बंदूक मात्र नव्या सपाट पडद्यावर चालणार नाही. ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या प्रकाशावरच नेम ओळखत असे, आणि तसा संच आता जुन्या बाजारातच शोधावा लागेल.