खटला अश्लीलतेचा, प्रश्न संसाराचा

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून बसायला लागले तेव्हा भांडणाचे विषय ठरलेले असत: सासू, पगार, दारू, माहेरची ये-जा. २०१६नंतर मोबाइलचा डेटा जवळपास फुकट झाला आणि यादीत एका विषयाची भर पडली. बायको सांगते, ‘हे रात्री फोन घेऊन बाथरूममध्ये जातात.’ नवरा चपलेकडे बघत बसतो. ही आफत फक्त आपल्याच वाट्याला आली, असं दोघांनाही वाटत असतं. मला मात्र अशा वेळी रघुनाथराव कर्वे आठवतात.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला द्यायला सुरुवात केली. पत्नी मालतीबाईंची साथ होती. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. कॉलेजला हा प्रचार झेपेना, तेव्हा १९२५मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली, प्रचार नाही. जुलै १९२७ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं आणि १९५३मध्ये ते वारले तोपर्यंत चाललं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत: हस्तमैथुनाने शक्ती जाते का, गुप्तरोग कसा टाळावा. शिवाय कर्वे एक गोष्ट पुन्हा पुन्हा मांडत, की शय्येवरचं सुख हा बायकोचाही हक्क आहे. ज्या काळात बायकोकडून बाळंतपणांपलीकडे काही अपेक्षा नव्हती, त्या काळात हे छापणं म्हणजे आगीशी खेळ होता.

व्हायचं ते झालं. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून १९३१ साली खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४मध्ये पुन्हा अटक, या वेळी वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांबद्दल. आता वकीलपत्र होतं डॉ. आंबेडकरांकडे. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेले होते, माणूस कामात आकंठ बुडालेला, तरी मासिकाच्या संपादकासाठी ते कोर्टात उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनातल्या विकृत कल्पना जायच्या तर ज्ञानानेच जातील, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले. दंड दोनशे रुपये.

हरणारच होते. तेव्हा अश्लीलतेची कसोटी १८६८च्या एका इंग्रजी निकालातून आलेली होती: ज्याचं मन असल्या गोष्टींनी बिघडू शकतं अशाच्या हाती हे पडलं, तर तो बिघडेल का? कोर्टासमोर कायम हा काल्पनिक, कच्च्या मनाचा वाचक. प्रश्न विचारणारा खरा नवरा, त्याची अवघडलेली बायको, त्यांचं चाललंय कसं, हे कोर्टाने विचारायचं कारणच नव्हतं.

पुढेही चर्चा त्याच चाकोरीतून गेली. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही गोष्ट आली. उच्च न्यायालयाने तिला अश्लील ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये काकोडकरांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी अश्लीलतेचं कलम २९२ बदललं आणि विज्ञान, साहित्य, कला यांच्यासाठी केलेल्या लोकहिताच्या प्रकाशनाला सूट मिळाली. ‘समाजस्वास्थ्य’ला हवं होतं ते संरक्षण आलं, पण संपादकाला जाऊन सोळा वर्षं झाल्यावर.

बाजार या सगळ्याकडे ढुंकूनही न बघता चालत होता. स्टेशनाबाहेर पिवळी पुस्तकं मिळत. ऐंशीच्या दशकात भाड्याचा व्हीसीआर आला. वर्गणी काढायची, घर रिकामं गाठायचं आणि रात्रभर ‘बीपी’. रवी जाधवांच्या ‘बालक-पालक’मध्ये चाळीतल्या पोरांचं हे सगळं आलंच आहे. थोरांचंही फार वेगळं नव्हतं, बायको माहेरी गेली की बैठक. तो टोळक्याचा कार्यक्रम होता, पहाटे व्हीसीआर परत गेला की संपायचा. बायकोला संशय आला तरी ते ‘मित्रांच्या नादाने’ या खात्यात जमा होई. फोनने टोळकं काढून घेतलं आणि ही गोष्ट नवरा-बायकोच्या मधोमध आणून ठेवली.

असं बघितल्याने संसारातलं समाधान घटतं का, हे मोजून बघायची सुरुवात अमेरिकेत झाली. डॉल्फ झिलमन आणि जेनिंग्ज ब्रायंट यांनी काही जणांना सहा आठवडे, आठवड्याला एक तास अशा फिल्म दाखवल्या, काहींना निरुपद्रवी कार्यक्रम. १९८८मध्ये त्यांनी लिहिलं, की पहिला गट जोडीदाराच्या रूपावर, प्रेमावर आणि शय्येतल्या वागण्यावर कमी समाधानी निघाला. पुढच्या वर्षी डग्लस केनरिक यांचा अभ्यास आला: ‘प्लेबॉय’ची चित्रं पाहिलेल्या पुरुषांना आपली जोडीदारीण कमी आकर्षक वाटते, तिच्यावरचं प्रेमही उणावल्यासारखं वाटतं. पाठ्यपुस्तकांत हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. मग २०१७मध्ये वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या संशोधकांनी केनरिक यांचाच प्रयोग मोठ्या संख्येवर करून पाहिला. तसा परिणाम आढळला नाही. त्याच वर्षी पन्नास अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यात पुरुषांच्या बाबतीत असमाधानाशी थोडा संबंध दिसला, बायकांच्या बाबतीत नाही. संबंध दिसला म्हणून कारण सापडलं असं नव्हे. बघितल्याने दुरावा येतो, की दुरावा आला म्हणून बघणं वाढतं? मला दोन्ही प्रकारची जोडपी भेटलेली आहेत, आणि भांडण मात्र प्रत्येक जोडपं पहिल्याच प्रकाराचं म्हणून घेऊन येतं.

एका बाबतीत माझं रघुनाथरावांशीही वाकडं आहे. ‘समाजस्वास्थ्य’च्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. नग्न शरीर म्हणजे अश्लील नव्हे, हे त्यांना ठसवायचं होतं. ठीक, पण शरीर बाईचंच का? पोस्टाने अंक आला की तो उघडणार नवरा, आणि चित्राशी तुलना कोणाची, हे सांगायला नको. माझं हे भांडण ओंटारिओच्या लोकांनी निम्मं कर्व्यांच्या बाजूने मिटवलं. उरलेलं निम्मं मी सोडणार नाही. त्यांचं मुखपृष्ठ महिन्याला एक असे आणि आत पानोपानी बाळंतपण-गुप्तरोगाचं रोखठोक गद्य. फोनमध्ये गद्य नाही. माझ्यासमोर बसलेल्या बायकांना त्या पडद्यावरच्या बाईचा राग येतो, पण थोडं बोलतं केलं की तक्रार दुसरीच निघते. त्याला काय आवडतं हे फोनला ठाऊक आहे, आणि तिला काय आवडतं हे लग्न झाल्यापासून त्याने एकदाही विचारलेलं नाही.