दाद मागणारा आणि सभेत बोलणारा

‘दाद’ हा शब्द मुशायऱ्यातही चालतो आणि कचेरीतही. शेर आवडला की आपण दाद देतो आणि अन्याय झाला की दाद मागतो. फारसीत दाद म्हणजे न्याय. अर्ज, फिर्याद, हजर हे शब्दही फारसी-अरबीतूनच मराठीत आले. आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची सरकारशी ओळख झाली ती याच शब्दांमधून. एक जण खुर्चीवर बसलेला आणि दुसरा कागद घेऊन समोर उभा, हे चित्र त्या प्रत्येक शब्दामागे आहे.

महागावचेच पाहा. आज ते यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी हा मुलूख पुसद तालुक्यात होता आणि पुसद तालुका होता वाशीम जिल्ह्यात. १९०५ साली इंग्रजांनी वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना केली. वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले आणि पुसद तालुका त्याला जोडला गेला. इथल्या माणसाचा जिल्हाच बदलला, पण त्याला विचारण्याची तेव्हा रीतच नव्हती.

तसे लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला होता. १८८५ मध्ये वऱ्हाडासाठी ग्रामीण बोर्डांचा कायदाही आला. पण ही बोर्डे मोजक्या प्रतिष्ठितांची होती. रस्ता, विहीर, शाळा यांसाठी गावकऱ्याने अर्ज करायचा आणि वाट पाहायची. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कायद्याने मध्य प्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या. पुढे १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला.

महाराष्ट्र झाल्यावर जिल्ह्याचा कारभार कसा असावा हे ठरवायला १९६० मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक. ते महागावच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला. त्यात २२६ शिफारशी होत्या. बलवंतराय मेहता समितीने भर दिला होता तो गटपातळीवर. नाईक समितीने जिल्हा बळकट केला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्ह्याचा पैसा आणि योजना लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हाती आल्या. ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्या सभागृहात बोलायचे ते निवडून आलेल्या सदस्यांनी. अमेरिकेतल्या अनेक काउंटी बोर्डांच्या सभेत कोणीही नागरिक उभा राहून दोन-तीन मिनिटे आपले म्हणणे मांडू शकतो. त्यासाठी कामकाजात वेळ राखलेला असतो. आपल्या जिल्हा परिषदेत मतदाराला तसा हक्क नाही. २०१७ मध्ये निवडून आलेल्या यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला, तेव्हा आपल्या वतीने बोलणारा सदस्यही राहिला नाही. मग पुन्हा अर्ज घेऊन साहेबासमोर उभे राहणे आले.

जिल्हा पातळीवर एक अपवाद आहे, तो म्हणजे पर्यावरणाची जनसुनावणी. १९९७ पासून खाणीसारख्या मोठ्या प्रकल्पांसाठी ती सक्तीची झाली. लोकांचे आक्षेप तिथे नोंदवून घ्यावे लागतात. वणी भागातल्या कोळशाच्या पट्ट्याला याचे मोल कळते. पण ती प्रकल्पापुरती.

एरवी माणूस हक्काने बोलू शकतो ती जागा ग्रामसभा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ती होतीच. ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, तिला राज्यघटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. तिथे भूमिहीन मजुराला, विधवा बाईला, गावात एकच घर असलेल्या जमातीच्या माणसाला अर्ज करावा लागत नाही. तो त्या सभेचा भागच असतो. नियमित सभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही आली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने ही सभा किती वर नेता येते ते दाखवले. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात.

इतरत्र काय होते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतले जे कमी ते लागतात. ते जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग चार माणसांत ठराव होतात, सह्यांची वही घरोघर फिरते. ज्याला बोलायचे होते तो शेतातून परत येतो तेव्हा सभा कागदावर पार पडलेली असते.

महागावची गोष्ट तर याहून पुढची आहे. आता तिथे नगरपंचायत आहे. गावाला शहराचा दर्जा मिळाला, निधीच्या नव्या वाटा उघडल्या. पण नगरपंचायतीला ग्रामसभा नसते. कालपर्यंत सदस्य असलेला माणूस आता नगरसेवकाच्या दारी जातो, नाहीतर कचेरीत अर्ज देतो. या बदलाची खंत कुठे फारशी ऐकू आली नाही, याचेच मला वाईट वाटते.

म्हणून ज्यांच्या गावात ग्रामसभा अजून आहे, त्यांना एवढेच सांगणे की जात जा. बोललात की ते इतिवृत्तात लिहिले गेले का, हे विचारा, आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. नगरपंचायतीच्या गावांनी आपल्या प्रभागात अशी सभा मागावी. ही मागणी मात्र अर्जाने नको, चार लोकांत उभे राहून करावी.