मालकाच्या हाती चाक : इटलीतील ग्रान तुरिस्मो मोटारीचा इतिहास

युरोपात पहिल्या महायुद्धाच्या आधी आणि नंतरही काही वर्षे उंची मोटारगाडी बाळगणारा धनिक स्वतः ती क्वचितच चालवीत असे. पुढे गणवेशातील चालक आणि मागे गुबगुबीत आसनावर मालक ही घोडागाडीच्या काळापासून चालत आलेली व्यवस्था मोटारीनेही जशीच्या तशी उचलली होती, आणि त्यामुळे मोटारीच्या मालकीचे सुख हे मुख्यतः मिरवण्याचे सुख होते. ही व्यवस्था मोडणारा मोटारींचा एक वर्ग दोन महायुद्धांच्या दरम्यान इटलीत आकाराला आला. ‘ग्रान तुरिस्मो’, म्हणजे दूरचा मोठा प्रवास, या नावाने ओळखली जाणारी ही मोटार बहुधा बंद छताची व दोन दारांची असे, पुढे दोन माणसे ऐसपैस बसत आणि मागे मुलांपुरती किंवा सामानापुरती जागा उरे. तिचे इंजिन शर्यतीच्या अनुभवातून घडलेले असले, तरी तिची खरी कसोटी एका दिवसात कित्येक शे किलोमीटरचा घाटवाटांचा रस्ता मालकाने स्वतः चालवत कापावा आणि संध्याकाळी न थकता मुक्कामी पोहोचावे, ही होती. शर्यतीच्या मोटारीत वेग मिळे पण आराम नसे, आलिशान मोटारीत आराम असे पण ती चालवण्यात रस नसे. या दोहोंच्या मधली जागा सापडण्यासाठी कुशल अभियंते, अवघड रस्ते आणि पत्र्याला आकार देणारे कारागीर एकाच टापूत असावे लागत, आणि तुरिन, मिलान व मोदेना या शहरांच्या परिसरात ते तिन्ही होते.

आल्फा रोमेओ या मिलानच्या कंपनीने १९२९ पासून बनवलेल्या ६सी १७५० या मालिकेतील एका प्रकाराला ग्रान तुरिस्मो हेच नाव होते. तिचे १७५२ घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरचे इंजिन वित्तोरिओ यानो या अभियंत्याने रचले होते, आणि याच मालिकेच्या शर्यती आवृत्तीतून १९३० साली ताझिओ नुवोलारी या चालकाने मिल्ले मिलिया ही शर्यत जिंकली. मिल्ले मिलिया म्हणजे हजार मैल: १९२७ पासून ब्रेशा शहरातून रोमपर्यंत जाऊन परत येणारी, सुमारे सोळाशे किलोमीटरची ही शर्यत बंदिस्त धावपट्टीवर न होता गावांतून, पुलांवरून आणि आपेनीन डोंगराच्या घाटांतून जाणाऱ्या रोजच्या रस्त्यांवर होत असे. ग्रान तुरिस्मोच्या घडणीत या शर्यतीचा वाटा फार मोठा आहे, कारण धावपट्टीवर जिंकणारी मोटार रस्त्यावर निरुपयोगी ठरू शकते, तर इथे टिकणारी मोटार मालकाला दुसऱ्या दिवशी सहलीलाही नेता येण्यासारखी असावी लागे. वजन कमी करण्याची गरजही इथेच तीव्रतेने जाणवली. मिलानच्याच तूरिंग या कारखान्याने १९३६ च्या सुमारास ‘सुपरलेज्जेरा’, म्हणजे अतिहलकी, ही पद्धत काढली. तीत पोलादाच्या बारीक नळ्यांचा पिंजरा उभारून त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळला जाई. हलकेपणाची किंमत मात्र पुढच्या पिढ्यांना मोजावी लागली, कारण पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओलाव्यात राहिले की विद्युतरासायनिक क्रियेने पत्रा कुरतडला जातो, आणि आज अशी मोटार दुरुस्त करणाऱ्याचा निम्मा वेळ दृष्टीआड चाललेल्या या झिजेशी झगडण्यात जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पैसा, पोलाद आणि पेट्रोल या तिन्हींची चणचण असताना तुरिनचे उद्योजक पिएरो दुझिओ यांच्या चिझितालिया कंपनीने २०२ ही छोटी मोटार काढली. पिनिन फारिना यांच्या कारखान्याने १९४७ साली घडवलेल्या तिच्या देहात बॉनेट, चाकांवरचे मडगार्ड आणि छत हे वेगवेगळे भाग जोडल्यासारखे न वाटता एकाच ओघात वाहताना दिसत, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ साली आठ मोटारींचे जे प्रदर्शन भरवले, त्यात तिचा समावेश केला. तिचे इंजिन मात्र फियाट ११०० या सामान्य कुटुंबाच्या मोटारीतून घेतलेले, १०८९ घनसेंटिमीटरचे होते. याच ११०० वंशातली पुढची मोटार वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली आणि पद्मिनी या नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, तेव्हा तिच्याही इंजिनाची क्षमता १०८९ घनसेंटिमीटरच होती. संग्रहालयातली सुंदरी आणि दादर स्थानकाबाहेर भाड्याची वाट पाहणारी टॅक्सी या एकाच घराण्याच्या, ही गोष्ट मोटारींच्या वंशावळीत वाटते तितकी विचित्र नाही.

या वर्गाला पक्के रूप दिले ते लांचिया आउरेलिया बी-२० या मोटारीने, असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि ते मत मान्य करण्यास हरकत नाही. विन्चेन्झो लांचिया यांनी १९०६ साली तुरिनमध्ये स्थापलेल्या या कंपनीत यानो हे आल्फा रोमेओ सोडून आले होते, आणि त्यांच्या देखरेखीखाली फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ या अभियंत्याने व्ही-६ इंजिनावर काम केले. व्ही-६ म्हणजे तीन-तीन सिलिंडरांच्या दोन ओळी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरप्या मांडलेले इंजिन; ते आखूड असते, पण त्यातली थरथर काबूत ठेवणे कठीण असल्याने तोवर कोणी ते मोठ्या संख्येने बनवण्याच्या फंदात पडले नव्हते. दे विर्जिलिओ यांनी दोन ओळींमध्ये साठ अंशांचा कोन ठेवून तो प्रश्न सोडवला, आणि १९५० साली आलेली आउरेलिया ही नियमित उत्पादनातली पहिली व्ही-६ मोटार ठरली. गिअरबॉक्स आणि क्लच इंजिनाला चिकटवून पुढे ठेवण्याची रूढ पद्धत सोडून ते मागच्या धुऱ्यापाशी नेल्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास सारखे वाटले गेले आणि मोटार वळणावर शांत राहू लागली. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, आखूड व दोन दारांची बी-२० आली. तिचे १९९१ घनसेंटिमीटरचे इंजिन जेमतेम ७५ अश्वशक्तीचे होते, तरी त्या वर्षीच्या मिल्ले मिलियात जोव्हान्नी ब्राक्को यांनी ती एकूण क्रमवारीत दुसरी आणली, आणि तिच्या पुढे राहिलेल्या एकमेव मोटारीचे, लुइजी व्हिल्लोरेसी यांच्या फेरारीचे, इंजिन चार लिटरहून मोठे होते. नंतरच्या आवृत्त्यांत इंजिन अडीच लिटरच्या जवळ गेले, मागच्या चाकांची मांडणी बदलली, मोटार जरा जड आणि जरा सभ्य झाली. १९५८ पर्यंत चार हजारांच्या आतच बी-२० बनल्या.

लांचियाने आपल्या मोटारींना प्राचीन रोमन महामार्गांची नावे दिली, आणि आउरेलिया हा रोमहून समुद्रकाठाने उत्तरेकडे जाणारा मार्ग आहे. दिनो रीझी यांच्या १९६२ च्या ‘इल सोर्पासो’ या चित्रपटात खुल्या छताची आउरेलिया याच मार्गावरून धावते आणि भरभराटीने झिंगलेल्या इटलीचे चित्र तिच्या चाकामागे बसलेल्या माणसातून उभे राहते. बी-२० च्या आरंभीच्या आवृत्त्यांत चाक उजवीकडे होते, जरी इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत. आल्प्सच्या अरुंद घाटात कडेच्या दरीवर नजर ठेवायला ते सोयीचे, असे या जुन्या प्रथेचे समर्थन केले जाई. गिअरची दांडी चाकाच्या दांड्याला, मुंबईच्या फियाट टॅक्सीत असे तशी होती. ती जमिनीवर आणणारा जोडसंच तुरिनचे एन्रिको नार्दी विकत असत आणि अनेक मालकांनी तो हौसेने बसवून घेतला. मालक स्वतः चालवतो हे एकदा मान्य झाले की मोटारीचा प्रत्येक भाग त्याच्या हाताला, पायाला, कानाला रुचतो की नाही हा प्रश्न पुढे येतो, आणि लाकडी चाक, गोल तबकड्यांची मापके, दुहेरी तोंडाचा वेबर कार्ब्युरेटर यांच्याभोवतीची आसक्ती त्यातूनच वाढली.

ही आसक्ती पुरवणारा वर्ग म्हणजे ‘कारोत्झेरिया’, मोटारींचे देह घडवणारे कारखाने. कंपनीकडून इंजिनासह सांगाडा येई आणि लाकडी साच्यावर ताडून पाहत, वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठोकत कारागीर त्याला देह देत. महाराष्ट्रातील गॅरेजांत ज्याला डेंटर म्हणतात त्याच्याच हातोडीचे हे काम, फक्त इथे चेपलेला पत्रा सरळ करायचा नसून सपाट पत्र्यातून नवी वक्ररेषा काढायची असे. हातकामामुळे एकाच नमुन्याच्या दोन मोटारींची डावी-उजवी मापेही तंतोतंत जुळत नसत. मालकाला आसनांचे कातडे, रंग, दिव्यांची ठेवण सांगता येई आणि ऐपत असेल तर संपूर्ण देहच वेगळा मागता येई: इराणच्या शहांच्या मागणीवरून मासेरातीने १९५९ साली ५००० जीटी बनवली. मात्र अशा फरमायशी मोटारींपेक्षा इतिहासात महत्त्वाची ठरली ती मासेरातीचीच ३५०० जीटी, कारण शर्यतीवर जगणाऱ्या या छोट्या कंपनीने १९५७ पासून तिच्या दोन हजारांहून अधिक प्रती विकल्या आणि ग्रान तुरिस्मो हा धंदाही होऊ शकतो हे दाखवले. इंग्लंडमध्ये ॲस्टन मार्टिनने १९५८ च्या डीबी-४ साठी तूरिंगची सुपरलेज्जेरा पद्धत परवान्याने घेतली, आणि जॅग्वारने १९६१ साली ई-टाइप आणून जवळपास तोच वेग बऱ्याच कमी किमतीत देऊ केला.

या साऱ्या सुखाला लागणारा रस्ता त्याच काळात तयार होत होता. मिलानपासून सरोवरांच्या प्रदेशाकडे जाणारा, केवळ मोटारींसाठीचा मार्ग १९२४ सालीच खुला झाला होता. मिलान ते नेपल्स हा साडेसातशे किलोमीटरचा ‘सूर्यमार्ग’ १९६४ मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्या वर्षी माँ ब्लाँच्या पोटातून साडेअकरा किलोमीटरचा बोगदा फ्रान्सकडे निघाला. गंमत अशी की या रस्त्यांनीच ग्रान तुरिस्मोचे वेगळेपण कमी केले, कारण सरळ आणि रुंद मार्गावर साधी मोटारही दिवसभर शंभराच्या वेगाने धावू लागली. मिल्ले मिलिया त्याआधीच संपली होती: १९५७ साली ग्विदित्सोलो गावाजवळ फेरारीचा टायर फुटून चालक, सहचालक आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडल्यावर ती बंद करण्यात आली. लांचियाला परिपूर्णतेचा हव्यास परवडला नाही आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यास कंपनी संस्थापकाच्या कुटुंबाच्या हातून गेली. तूरिंगने १९६६ मध्ये दारे लावली. १९६९ साली फियाटने लांचिया विकत घेतली आणि फेरारीचा अर्धा वाटाही मिळवला. अमेरिकेचे धूर व सुरक्षेचे नियम आणि पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट यांनी उरलेसुरले काम केले, इतके की त्या हिवाळ्यात इटलीत रविवारी खासगी मोटार रस्त्यावर आणण्यास बंदी होती.

मालकीच्या सुखाचा दुसरा अध्याय याच पडत्या काळात सुरू होतो. जुन्या ग्रान तुरिस्मो तेव्हा वापरलेल्या, खर्चीक आणि कालबाह्य मोटारी होत्या. ज्या हौशी लोकांनी त्या स्वस्तात घेऊन गोठ्यात, वखारीत जपल्या त्यांच्यामुळे त्या वाचल्या. इटलीतील जुन्या वाहनांची संघटना १९६६ साली स्थापन झाली, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघही, आणि मिल्ले मिलिया १९७७ पासून जुन्या मोटारींची नियमबद्ध फेरी म्हणून पुन्हा भरू लागली. जुन्या इमारतींच्या जतनाविषयी १९६४ च्या व्हेनिस सनदेत जी तत्त्वे मांडली गेली होती, त्यांच्या धर्तीवर महासंघाने २०१२ साली तुरिन सनद स्वीकारली. तिचा रोख असा की नव्याने चकचकीत करण्याआधी आहे ते टिकवावे, आणि केलेला बदल उलटवता येईल असा असावा. त्यामुळे मालकापुढे जे प्रश्न उभे राहतात ते जीर्णोद्धार करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाचे असतात: पहिल्या मालकाने १९५३ मध्ये बसवलेली नार्दीची गिअरदांडी काढून कारखान्याची मूळ दांडी आणावी, की ती मोटारीच्या चरित्राचाच भाग समजावी? भेगाळलेले मूळ कातडे ठेवावे की बदलावे? ज्याला असे प्रश्न पडण्यात आनंद वाटतो, त्यालाच ही मालकी लाभते, असे या क्षेत्रातील अनुभवी लोक जाणतात. फेरारीच्या अवघ्या ३६ बनलेल्या २५० जीटीओपैकी एक २०१८ च्या अमेरिकेतील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली, त्या पातळीवर मात्र मोटार ही तिजोरीतली ठेव होते, आणि चालवण्यासाठी जन्मलेली वस्तू न चालवणेच शहाणपणाचे ठरते. हा बाजाराचा विजय असेल, मोटारीचा नव्हे.

भारतात ग्रान तुरिस्मो फारशा आल्या नाहीत. संस्थानिकांच्या मोटारी बहुतेक चालकाने चालवायच्या, मिरवणुकीच्या आणि शिकारीच्या होत्या, आणि स्वातंत्र्यानंतर ज्या दशकांत इटलीत हा वर्ग बहरला त्याच दशकांत परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत युद्धपूर्व अमेरिकन व इंग्रजी मोटारी मुबलक दिसतात, आउरेलिया मात्र पुस्तकांतच भेटते. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळी नोंदणी सुरू केली आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे आणली. या नियमांनुसार असे वाहन प्रदर्शन, मेळावा, इंधन आणि देखभाल अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, पण नेहमीच्या वापरासाठी नाही. संग्राहकांना या तरतुदीने दिलासा मिळाला, तरी तिच्यात जुनी मोटार ही मुख्यतः दाखवायची वस्तू आहे असे गृहीत धरलेले आहे, आणि दिवसभर स्वतः चालवत दूरच्या गावी जाण्यासाठी बनलेल्या मोटारीला ते गृहीतक फारसे मानवणारे नाही.