सामायिक संगणन आणि फसलेल्या कामाचे निदान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ज्याचे काम त्या यंत्रावर फसले, त्या सामान्य वापरकर्त्याला त्यात क्वचितच स्थान मिळते. प्रस्तुत निबंधात त्याच्या बाजूने काही टप्प्यांचा विचार केला आहे.

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये कार्यान्वित झाला. आज्ञावली अडली की संशोधक एकेक आज्ञा चालवून पडद्यावरील ठिपके न्याहाळीत बसे आणि तोवर इतरांचे काम खोळंबे. अनेकांच्या यंत्राचा असा वापर परवडणारा नव्हता. म्हणून 'पोस्ट मॉर्टेम' आज्ञावली तयार झाल्या. काम बंद पडल्यावर त्या स्मृतीतील मजकूर कागदावर छापीत. निदान यंत्रापासून दूर, टेबलापाशी बसून करावयाचे. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये याच्या पुढे जाऊन, आज्ञावली चालू असतानाच तिचा माग छापण्याच्या पद्धतीचे विवेचन केले. शवापेक्षा मृत्यूपर्यंतची वाट अधिक बोलकी असते, हे त्यांनी ओळखले होते.

तथापि हे आकडे वाचणे तज्ज्ञांचेच काम होते. नवशिक्याचा विचार कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९६५ मध्ये तयार झालेल्या वॉटफॉर या फोरट्रान संकलकात दिसून येतो. तो मुख्यतः विद्यार्थ्यांनीच लिहिला. चूक कोठे व कोणती हे कळेल असे संदेश हे त्याचे वैशिष्ट्य होय. निदानाचा भार येथे यंत्राने उचलला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

समूह-संगणकांवर मात्र तो पुन्हा वापरकर्त्यावर आला. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास आकारास आलेली स्लर्म ही कार्यनियोजन प्रणाली आज जगभर वापरली जाते. मागितलेल्या स्मृतीची मर्यादा ओलांडताच काम बंद पाडले जाते; संशोधकाच्या हाती अनेकदा केवळ १३७ हा आकडा येतो. तो १२८ अधिक ९ असा आहे आणि ९ म्हणजे सक्तीने थांबविण्याचा संकेत, हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने कसे ओळखावे? तो तेच काम पुन्हा रांगेत लावतो आणि पुन्हा तेच घडते. 'सॅक्ट' या आज्ञेने कमाल स्मृतिवापराची नोंद पाहता येते. परंतु ही नोंद ठरावीक अंतराने घेतलेली असल्याने क्षणिक वाढ तीतून निसटू शकते आणि आकडा मर्यादेच्या आतच दिसतो. म्हणून साहाय्यकास कामाचा क्रमांक, मूळ स्क्रिप्ट आणि त्रुटींची फाइल ही तिन्ही एकत्र मागवावी लागतात.