खांड ते कॅन्डी

संक्रांत जवळ आली की पवनी तालुक्यातल्या आमच्या आसगावात चुलीवर गुळाचा पाक चढतो. वाटीभर पाण्यात त्याचा थेंब टाकायचा. बोटांत मऊ गोळी वळली तर अजून थांबायचं. थेंब कट्‌कन मोडला की शेंगदाणे घालून भराभर लाटायचं. हा मोडण्याचा आवाजच मला ‘कॅन्डी’ या शब्दात ऐकू येतो. संस्कृत ‘खण्ड’ म्हणजे तुकडा. त्यावरून साखरेचा खडाही खण्डच. तोच फारसीत ‘कंद’ झाला, अरबीतून फ्रेंचमध्ये ‘कांदी’ आणि पुढे इंग्रजीत कॅन्डी. आपल्याकडे तो ‘खांड’ म्हणून घरीच राहिला, खांडसरीतही टिकला.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सची ‘प्रालीन’ ही मिठाई याच गोतातली. नाव १७व्या शतकातल्या प्लेसी-प्रालँ या फ्रेंच सरदाराचं. मूळचे बदाम जाऊन तिथे अक्रोडासारखे पिकन आले. तिचा पाक मात्र मऊ गोळीवरच, साधारण ११५ अंश सेल्सिअसला उतरवतात आणि दाट होईपर्यंत घोटतात. म्हणून ती कटकन मोडत नाही, जिभेवर विरघळते. पिकन नसले तरी भाजलेल्या शेंगदाण्यांची सुरेख होते; साखर, लोणी, साय घरात असतातच.